जुनी लाकडी एंटरप्राइज दुरुस्त करून हिडकल धरणाच्या पाण्यावर: एका मोसमानंतरचा हिशेब

आधी निकाल. घरच्यांसाठी जुनी लाकडी एंटरप्राइज, म्हणजे शिडाची छोटी नाव, घ्यावी का? घ्यावी, पण रंग बघून नव्हे, सेंटरबोर्डची (तळातून पाण्यात सोडायच्या फळीची) पेटी बघून. जॅक होल्टनं 1956 मध्ये आखलेली ही 4.04 मीटर लांबीची नाव मूळची दोघांची, शर्यतीची. दोन मोठी माणसं आणि एक पोर तिच्यात नीट मावतं. कोरडा हल (नावेचं धड) नव्वद किलोंच्या आसपास भरतो. चौघांनी धरूनही नाव उचलत नसेल तर लाकूड पाणी प्यालंय, असं खुशाल समजा.

बघायला जाताना दाभण खिशात असू द्या. पेटीच्या बुडाशी, मागच्या फळीच्या खालच्या कोपऱ्यांत आणि डोलकाठीच्या पायाखाली टोचायचं. टोक लोण्यासारखं आत गेलं तर तेवढा भाग कापूनच काढावा लागतो. वरून रेझिन पाजून कुजलेलं लाकूड बरं होत नाही.

प्लायवूड आयएस 710 (मरीन प्लायवूडचं भारतीय मानक) चंच घ्या, 6 मिमी. नुसत्या ‘मरीन’ शिक्क्यावर जाऊ नका. मानकातली उकळण्याची चाचणी 72 तासांची आहे. घरी हातभर नव्हे, वीतभर तुकडा सात-आठ तास उकळून कडेला सुरी घातली, तरी हलका माल थर सोडतो. दोन तुकड्यांच्या कडा तिरप्या तासून जोड देताना उतार 8 ला 1 ठेवायचा, म्हणजे 6 मिमी जाडीला 48 मिमी. उभा जोड देऊन आतून पट्टी मारली की ती जागा वाकत नाही आणि ताण बरोबर तिच्या कडेला येऊन बसतो.

रेझिनमध्ये काटकसर नको. पॉलिएस्टर स्वस्त, पण लाकडाला ते मनापासून धरत नाही. एक-दोन मोसमांत वर बसवलेलं काचकापड (काचतंतूंचं कापड) पापडासारखं सुटतं. इपॉक्सीच वापरा. एलवाय 556 रेझिन आणि एचवाय 951 हार्डनर ही जोडी 100 ला 10 अशी, वजनानं. एक ग्रॅम दाखवणारा काटा हवा, चमच्याचा अंदाज इथं चालत नाही. हार्डनर वाढवला म्हणून लवकर वाळत नाही, उलट चिकट राहतं. एका वेळी 100 ते 150 ग्रॅमच कालवा आणि लगेच पसरट ताटलीत ओता. डब्यात ठेवलं की आपल्याच उष्णतेनं तापून धूर सोडतं. सोबत विणलेलं काचकापड घ्यायचं. सुट्या तंतूंच्या मॅटमधला चिकटा पॉलिएस्टरमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही, म्हणून मॅट नीट भिजत नाही.

बेळगाव-खानापूरच्या पावसात हे काम काढू नका. दमट हवेत वाळलेल्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो आणि त्यावरचा रंग सोलून निघतो. पाणी आणि घासणीनं तो धुऊन मगच पॉलिश पेपर मारायचा, कारण आधी पेपर मारला तर मेण आणखी आत घासलं जातं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ. मात्र थंडीत अकरा ते तीन याच वेळात काम, आणि रेझिनचा डबा आधी उन्हात ठेवून.

सगळ्यात जास्त वेळ पेटीला द्या. नाव तिथंच गळते: पेटी आणि तळ यांच्या सांध्यात, आणि बोर्ड जिच्यावर फिरतो त्या खिळीपाशी. जुना भराव खरवडून काढायचा, लाकूड आठवडाभर वाळू द्यायचं. मग साधं इपॉक्सी पुसून घ्यायचं, आणि ते चिकट असतानाच बारीक लाकडी भुसा व सिलिका घालून दाट केलेलं इपॉक्सी गोल पाठीच्या चमच्यानं कोपऱ्यात दाबायचं. मायक्रोबलून (पोकळ सूक्ष्म गोळ्यांची भुकटी) इथं नको; तो घासून सपाट करायला चांगला, ताकदीला नाही. गाडीच्या बॉडीची पुटी पाण्याखाली तर अजिबात नको, ती पाणी शोषते आणि तडकते. खिळीला दोन्ही बाजूंनी रबरी वॉशर. असा केलेला सांधा मोसमभर कोरडा राहिला, हीच या दुरुस्तीतली सगळ्यात समाधानाची गोष्ट.

सुकाणूच्या बिजागऱ्या बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागात नमुना दाखवून करून मिळतात. गोड्या पाण्याला 304 स्टेनलेस स्टील पुरतं, 316 चा आग्रह समुद्रासाठी. शिडाची उसवलेली शिवण ताडपत्री शिवणाऱ्यांकडे झिगझॅग मशीनवर होते, फक्त दोरा पॉलिएस्टरचा असल्याची खात्री करा. शीड चढवायची दोरी नायलॉनची नको. ती ताणते आणि वाऱ्यात शिडाची पुढची कड सैल पडते. पॉलिएस्टर घ्या. बाजारातली निळी प्लास्टिक दोरी उन्हानं भुसभुशीत होते.

उलटलेली नाव तरंगत ठेवणाऱ्या हवेच्या पिशव्यांचे पट्टे लाकडी स्क्रूवर सोडू नका, आरपार बोल्ट मारा. चाळीस लिटरची पिशवी पाण्याखाली जवळजवळ चाळीस किलोंनी वर ओढते, स्क्रू उपटून येतात. कंबरभर पाण्यात नाव मुद्दाम भरून बघा. एंटरप्राइज उलटली की पाणी भरपूर घेते, म्हणून बादली दोरीनं बांधलेली हवी आणि लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगात.

नावेचं नाव शेवटी लिहायचं, पण ठरवायचं आधी. मागच्या फळीच्या मधोमध सुकाणू येतं, त्यामुळे लांबलचक नाव चिरलं जातं. वादात असलेल्या नदीवरून ‘म्हादई’ सुचली होती, पण पाणी कुणाचं यावर नावेतच भांडणं नकोत. ‘पाकोळी’ ठरलं: आखूड, वाऱ्यात हाक मारायला सोपं. अक्षरं 75 मिमी, वर देवनागरी, खाली कन्नड. वेलांटी-मात्रेसाठी वर तिसरा भाग जागा धरा. व्हिनाइलची अक्षरं ताज्या टू-पॅक (हार्डनर मिसळून लावायच्या) रंगावर फुगतात, कडा सुटतात. पाट्या रंगवणाऱ्याकडून इनॅमलनं लिहून घेतलेली टिकली आहेत.

हिडकलला उतरण्याआधी पाटबंधारे खात्याची लेखी परवानगी घ्या. राकसकोप जलाशयाचा विचारच नको, ते शहराच्या पिण्याचं पाणी. हिडकलचंही पाणी बेळगावला येतं, तेव्हा तळाला विषारी अँटिफाउलिंग (शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून लावायचा रंग) लावू नका. दर वेळी बाहेर काढायच्या नावेला त्याची गरजही नसते. उन्हाळ्यात पाणी खूप मागे जातं, काठाला चिखल आणि बुंधे उघडे पडतात. बोर्ड अर्धा वर घेऊनच काठाशी यायचं. एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग दिसले की शीड खाली, वल्ही बाहेर. वारा एकदम फिरतो.

पावसाळ्यात नाव पालथी, दोन लाकडी ठोकळ्यांवर. तळाचं बूच आणि तपासणीची झाकणं उघडी, आणि ताडपत्री हलला न चिकटता वर ताणलेली, म्हणजे खालून वारा खेळतो. शीड घडी न घालता नळीवर गुंडाळून घरात, उंदरांपासून लांब.