‘सुटका केलेले’ हत्ती भाड्याचे निघाले

थायलंडमधील चिआंग माई परिसरात सुटका केलेल्या हत्तींच्या सेवेसाठी स्वयंसेवक हवेत, अशा जाहिराती आता मराठी पर्यटकांपर्यंतही पोहोचू लागल्या आहेत. अशाच एका जाहिरातीवरून मी आणि माझी मैत्रीण तिथे गेलो आणि फसवले गेलो. छावणीचे नाव देत नाही. नाव बदलायला फारसा वेळ लागत नाही, त्यामुळे पद्धत ओळखता येणे अधिक उपयोगाचे आहे.

१९८९ साली थायलंडने जंगलतोडीवर बंदी घातली, तेव्हा ओंडके ओढणारे हत्ती आणि त्यांचे माहूत बेकार झाले व पर्यटनाकडे वळले. पुढे हत्तीवर बसणे अनेक पर्यटकांना नकोसे वाटू लागले, तशा बऱ्याच छावण्यांनी सवारीची पाटी उतरवून सेवेची पाटी लावली. त्यांपैकी काही ठिकाणी खरोखर चांगले काम चालते, आणि त्यांच्याच पुण्याईवर बाकीच्यांचा धंदा चालतो.

आमच्याकडून संपूर्ण शुल्क आगाऊ घेण्यात आले, तेही संस्थेच्या नव्हे, तर एका व्यक्तीच्या खात्यात. मोठा हत्ती दिवसाला दीडशे किलोपर्यंत चारा खातो, त्यामुळे रकमेचे आश्चर्य वाटले नव्हते. निघण्याच्या आधी एका आजारी हत्तिणीचे छायाचित्र पाठवून औषधांसाठी वेगळी देणगीही मागण्यात आली. ती हत्तीण आम्हाला तिथे कधीच दिसली नाही आणि छावणीत पशुवैद्यही नव्हता.

सेवा म्हणजे चारा कापणे, शेण उचलणे, असे सांगितले होते. प्रत्यक्षात दिवसभर येणाऱ्या पर्यटकांच्या प्रत्येक तुकडीबरोबर हत्तींना चिखल फासायचा आणि नदीत उभे राहून फोटो काढून द्यायचे, एवढेच आमचे काम होते. अंगावरचे पाणी वाळते न वाळते तोच त्याच हत्तींना पुन्हा नदीत उतरवले जाई. अंकुश कुठे दिसत नव्हता. माहुताच्या मुठीत लपवलेला खिळा मात्र एकदा दिसला.

सगळ्यांच्या आवडीचे एक पिल्लू होते, ते अनाथ असल्याचे आम्हाला सांगितले होते. हत्तीचे पिल्लू दोन वर्षांहून अधिक काळ आईचे दूध पिते, म्हणून मी कारेन या डोंगरी जमातीतील एका तरुण माहुताकडे मोबाइलवरील भाषांतराच्या मदतीने चौकशी केली. आई जवळच्याच दुसऱ्या छावणीत पर्यटकांना पाठीवरून फिरवत होती. दोघांचा मालक एकच, आणि दोघेही महिन्याच्या भाड्याने दिलेले! म्हणजे सुटकेच्या नावाने आम्ही दिलेल्या पैशांतून त्या मालकाचे भाडेच भरले जात होते.

पैसे परत मागितले तेव्हा उत्तर मिळाले की देणगी परत होत नाही. शिवाय पर्यटक म्हणून येऊन विनापरवाना काम केल्याबद्दल तुमच्यावरच कारवाई होऊ शकते. ही धमकी पोकळ नव्हती, कारण तिथे परदेशी व्यक्तीला विनावेतन कामासाठीही परवाना लागतो. तो काढून देणार का, हे पैसे भरण्यापूर्वीच लेखी विचारावे. टाळाटाळ झाली तर व्यवहार तिथेच थांबवावा.

थायलंडमध्ये पाळीव हत्ती १९३९ च्या ओझेवाहू जनावरांच्या कायद्याखाली येतात आणि वयाच्या आठव्या वर्षी त्यांची नोंदणी करावी लागते. त्यामुळे मोठ्या हत्तीच्या कागदावर मालक म्हणून कोणाचे नाव आहे, हा प्रश्न मुळीच आगाऊपणाचा नाही. आपल्याकडे जोतिबाच्या डोंगरावरील ‘सुंदर’ नावाच्या हत्तीला २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर बंगळूरजवळच्या बन्नेरघट्टा उद्यानात हलवले, तेव्हा तो कुठून कुठे आणि कोणाच्या आदेशाने गेला, हे सगळे जाहीर होते. प्रत्येक सुटकेमागे न्यायालय नसते हे खरे, पण हत्ती कोठून आला एवढे तरी सांगता यायला हवे.

थेट हस्तांतर केल्यामुळे बँकेने हात वर केले. क्रेडिट कार्डाने पैसे भरले असते तर निदान व्यवहाराला हरकत घेता आली असती. थायलंडच्या पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५ आहे. परवान्याच्या भीतीने आम्ही तिथे असताना तो फिरवला नाही. रक्कम अद्याप मिळालेली नाही आणि त्या पिल्लाचे छायाचित्र असलेली जाहिरात अजून सुरू आहे.