मिशिगनमध्ये जमीन घेताय? होटन, पाम्स, एड्रियन, एडवर्ड्स: चार काळ्या माती, चार वेगळे हिशोब

दक्षिण मिशिगनमध्ये पाच-दहा एकर शोधत असाल तर स्वस्तातल्या प्लॉटमध्ये कधीतरी मकची (muck) जमीन समोर येणारच. सपाट, मोकळी, माती काळीभोर, आणि आपल्या डोक्यात काळी म्हणजे कसदार हे पक्कं बसलेलं असतं. पण आपल्याकडची काळी ही बेसाल्टपासून झालेली चिकणमाती, तिच्यात सेंद्रिय कर्ब बहुतेक ठिकाणी एक टक्क्याच्याही आत, आणि मक म्हणजे हजारो वर्षं पाण्यात कुजत पडलेलं गवत आणि पाणकणीस. पाण्यामुळे हवा पोचत नाही म्हणून ते पूर्ण कुजून संपत नाही, नुसतं साचत जातं. मुठीत दाबली की काळं पाणी गळतं, बोटं बरबटतात, आणि वाळल्यावर इतकी हलकी होते की वाऱ्याने उडते.

यूएसडीएचा, म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याचा, वेब सॉइल सर्व्हे हा मातीचा ऑनलाइन नकाशा फुकट आहे, त्यात तुमचा प्लॉट टाकला की या भागात साधारण चार नावं दिसतील. वरचा काळा थर चारही ठिकाणी जवळपास सारखा, त्यामुळे वरून बघून काही ठरवू नका, फरक खाली आहे.

होटनमध्ये मकचा थर ५१ इंचांपेक्षा जास्त, म्हणजे १३० सेंटीमीटर खोल गेलात तरी मकच. बाकी तिघांमध्ये तो १६ ते ५१ इंच, आणि त्याखाली पाम्समध्ये लोम म्हणजे पोयट्याची माती, एड्रियनमध्ये वाळू, आणि एडवर्ड्समध्ये मार्ल, म्हणजे जुन्या तळ्यांच्या तळाशी साचलेला पांढरट चुन्याचा गाळ.

आता घर बांधायचं असेल तर स्पष्टच सांगते, चारही नको. पाणी वर्षातले कित्येक महिने जमिनीच्या पातळीला किंवा त्याच्याही वर असतं, बेसमेंट विसरा, सेप्टिकला काउंटीचं हेल्थ डिपार्टमेंट अशा मातीवर साधी ड्रेनफिल्ड (सेप्टिकचं सांडपाणी जमिनीत मुरवण्याची जागा) मंजूर करेल ही आशा ठेवू नका, आणि ड्राइव्हवेवर कितीही भराव टाकला तरी तो खचत राहतो कारण खालचा थर दाबला जातो. एड्रियनमध्ये खाली वाळू आहे म्हणून कोणी म्हणेल की मक काढून टाकू, ते होतं, रस्ते बांधणारे करतातही, पण खर्च बघा, आणि ती वाळूसुद्धा पाण्यात बुडालेली असते, खणायला घेतलं की कडा आत ढासळतात. प्लॉटमध्ये घर आणि सेप्टिक दोन्ही मावेल एवढा उंचवटा असेल आणि तिथे माती वेगळी असेल, तरच पुढे जा.

शेती, भाजीपाला करायचा असेल तर मात्र चित्र बदलतं. मिशिगनचा बराचसा कांदा, सेलरी आणि काही गाजर अशाच जमिनीत पिकतं, कॅलमझूच्या सेलरीचं तर एकेकाळी देशभर नाव होतं, डच लोकांनी दलदलीत चर खणून ती पिकवली. पण चर खणले, पाणी उतरलं, हवा आत शिरली की मक पुन्हा कुजायला लागते आणि जमीन खरोखर खाली जाते. फ्लोरिडात बेल ग्लेडला १९२४ मध्ये नऊ फुटी काँक्रीटचा खांब थेट खालच्या खडकापर्यंत ठोकला होता, वरचं टोक जमिनीच्या बरोबरीत, आज तो सहा फुटांच्या आसपास उघडा पडलाय. मिशिगन थंड आहे, तिथे वेग कमी, पण दिशा तीच.

म्हणून खाली काय आहे हे इतकं महत्त्वाचं. होटनमध्ये साठा मोठा, पुष्कळ वर्षं पुरेल, पण ती सगळ्यात मऊ, ओल्यात ट्रॅक्टर रुततो. पाम्समध्ये मक झिजली तरी खालचा पोयटा वर येतो आणि त्यात पीक घेता येतं, त्यामुळे शेतीसाठी माझी पहिली पसंती हीच. एड्रियनमध्ये शेवटी हातात ओली वाळू उरते. एडवर्ड्स मी घेणार नाही, नांगर मार्लला लागला की चुना वर येतो आणि पिकाला मँगेनीज मिळेनासं होतं. तसं तांबं, पोटॅश वगैरे चौघांनाही तपासून द्यावं लागतं, नायट्रोजन भरपूर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आणि हो, या जमिनी खोलगट भागात, वसंतात उशिरापर्यंत आणि शरदात लवकर दंव पडतं, वांगी-मिरची-टोमॅटोचं स्वप्न असेल तर जपून. वाळलेल्या मकला आग लागली तर ती जमिनीच्या आत धुमसत राहते, तेव्हा कचरा तिथे पेटवायचा नाही.

कायद्याचंही बघून घ्या. यातल्या बऱ्याच जमिनी वेटलँडमध्ये, म्हणजे पाणथळ जमिनीत, मोडतात, आणि मिशिगनमध्ये वेटलँड पाच एकरांपेक्षा मोठी असेल किंवा तळं, नदी, ओढ्यापासून ५०० फुटांच्या आत असेल तर भराव टाकायला, खणायला, निचरा करायला राज्याचं परमिट लागतं. शेतीला काही सवलती आहेत, पण त्या गृहीत धरून पैसे देऊ नका, आधी लेखी विचारा.

नकाशावरही पूर्ण भरवसा नको, लहान पट्टे त्यात सुटतात. ऑगर, म्हणजे माती काढायचा हाताचा गिरमिट, घ्या, प्लॉटवर चार-पाच ठिकाणी भोक पाडा, मक कुठे संपते आणि खाली वाळू, पोयटा की पांढरा गाळ लागतो ते हाताने बघा. आणि हे एप्रिलमध्ये करा, ऑगस्टमध्ये तीच जमीन कोरडी ठणठणीत वाटते आणि विकणारा अर्थातच ऑगस्टमध्ये दाखवतो.

तिसरा पर्यायही आहे, आणि मला तो मनापासून पटतो: ओली जमीन ओलीच ठेवा. तिथे टॅमरॅकची झाडं, लव्हाळं, सँडहिल क्रेन सगळं असतं, पाणी टिकलं की मकही टिकते आणि त्यातला कार्बन हवेत जात नाही. पूर्वी निचरा करून शेती केलेली जमीन असेल तर एनआरसीएसची (यूएसडीएचीच मृद-जलसंधारण शाखा) वेटलँड रिझर्व्ह ईझमेंट योजना ती पुन्हा ओली करायला पैसे देते, अर्थात पात्रतेच्या अटी आहेत आणि ईझमेंट, म्हणजे जमिनीच्या वापरावरचं कायदेशीर बंधन, जमिनीबरोबर पुढच्या मालकाकडे जातं, म्हणून सही करण्याआधी घरात सगळ्यांशी बोलून घ्या.