यूएफओ : लाइव्ह अल्बमच्या सावलीत राहिलेला बँड

यूएफओचं नाव काढलं की जुने रॉकवाले दोनच गोष्टी सांगतात: मायकेल शेंकरची गिटार आणि १९७९ चा 'स्ट्रेंजर्स इन द नाइट'. दोन्ही बरोबरच आहेत. पण गेले काही महिने या बँडचे अल्बम क्रमाने आणि पुन्हापुन्हा ऐकल्यावर मत असं झालंय की त्या लाइव्ह अल्बमनेच या लंडनच्या बँडचं नाव मोठं केलं आणि त्यांच्या स्टुडिओतल्या कामावर पाणीही त्यानेच फिरवलं. लोक तिथून सुरुवात करतात, मग मागचे अल्बम लावतात, ते तुलनेत मवाळ वाटतात आणि विषय तिथेच संपतो. त्यामुळे नव्याने ऐकणाऱ्याला पहिला सल्ला हा, की 'स्ट्रेंजर्स' शेवटी ठेवा. आधी 'फोर्स इट', मग 'लाइट्स आउट', मग 'द वाइल्ड, द विलिंग अँड द इनोसंट', आणि त्यानंतर लाइव्ह.

१९७० आणि १९७१ चे पहिले दोन अल्बम सुरुवातीला सोडून दिले तरी चालतील. तेव्हा गिटारवर मिक बोल्टन होता आणि बँड लांबच लांब स्पेस रॉक, म्हणजे अवकाशात तरंगल्यासारखं गुंगवणारं रॉक, वाजवत होता. दुसऱ्या अल्बमचं 'फ्लाइंग' हे एकच गाणं २६ मिनिटांचं आहे. ज्यांना याच धाटणीचा हॉकविंड हा बँड आवडतो त्यांनी जरूर ऐकावं, बाकीच्यांचा धीर सुटेल.

खरी गाडी रुळावर येते ती 'फिनॉमेनन' (१९७४) पासून. स्कॉर्पियन्स या जर्मन बँडमधून शेंकर आला तेव्हा तो अठरा वर्षांचा होता आणि त्याला इंग्रजी येत नव्हतं. गायक फिल मॉग आणि तो बोलत कसे असतील कोण जाणे, पण 'डॉक्टर डॉक्टर' आणि 'रॉक बॉटम' याच अल्बमवर आहेत. निर्माता टेन इयर्स आफ्टर या बँडचा बासवाला लिओ लायन्स. त्याच्या हाताखालचे अल्बम ऐकताना एक अडचण जाणवते: ड्रम्स मागे राहतात आणि गिटारला खालून वजन मिळत नाही. फोनच्या स्पीकरवर तर 'फिनॉमेनन' अगदीच कोरडा लागतो. नीट हेडफोन लावून आवाज नेहमीपेक्षा थोडा वर ठेवला की बासवाला पीट वे याचा बास सापडतो, आणि मग अल्बम उलगडतो. वे फार सूर वाजवत नाही. एकाच सुरावर टिच्चून राहतो आणि कॉर्ड बदलताना नेमका पुढे ढकलतो. आयर्न मेडन या हेवी मेटल बँडच्या बासवाल्या स्टीव्ह हॅरिसने हा बँड कान देऊन ऐकलाय हे अशा जागी कळतं. मेडनच्या कार्यक्रमाआधी दिवे मालवायच्या सुमाराला स्पीकरवर 'डॉक्टर डॉक्टर' लावण्याची त्यांची जुनी पद्धत आहे. १ फेब्रुवारी २००८ ला मुंबईत बांद्रा-कुर्ला संकुलात मेडनला ऐकायला गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांची यूएफओशी ओळख एवढीच असेल.

'फोर्स इट' (१९७५) हा लायन्सच्या तीन अल्बमांमधला सगळ्यात भक्कम. 'लेट इट रोल', 'शूट शूट', 'मदर मेरी', 'आउट इन द स्ट्रीट', 'धिस किड्स' अशी रांगच लागते. 'लेट इट रोल' सरळ धावणारं गाणं म्हणून सुरू होतं, मध्येच वेग उतरतो, शेंकर एक संथ, जवळजवळ गाता येईल असा तुकडा वाजवतो आणि पुन्हा मूळ रिफवर, म्हणजे गिटारच्या फिरफिरून येणाऱ्या तुकड्यावर, येतो. हा त्याचा खास गुण: सोलो तोंडाने गुणगुणता येतो. तो वाह पेडल, म्हणजे गिटारचा आवाज पायाने बदलायचं साधन, सारखं हलवत बसत नाही. अर्धवट दाबलेल्या जागी ठेवून देतो, त्यामुळे वरचे आणि खालचे पट्टे कापले जातात आणि मधला नाकातला आवाज पुढे येतो. गिब्सन फ्लाइंग व्ही, मार्शल अँप्लिफायर आणि ते अडकवून ठेवलेलं पेडल, एवढ्याच सामानावर हा सूर उभा आहे. पुढचा 'नो हेवी पेटिंग' (१९७६) 'नॅचरल थिंग' आणि 'आय अॅम अ लूझर' या दोन गाण्यांसाठी ठेवायचा. त्यात डॅनी पेरोनेलचा कीबोर्ड नवा आहे, पण एलपीच्या दुसऱ्या बाजूला दम कमी पडतो.

'लाइट्स आउट' (१९७७) वर मात्र वेळ घालवा. निर्माता बदलून रॉन नेव्हिसन आला, कीबोर्ड आणि दुसऱ्या गिटारसाठी पॉल रेमंड आला, आणि पहिल्यांदाच अँडी पार्करच्या ड्रम्सना अंग मिळालं. अॅलन मॅकमिलनने व्हायोलिनवाद्यांची साथ लिहिली आहे. हार्ड रॉकमध्ये असली साथ बहुतेक वेळा वरून ओतलेली वाटते. इथे 'ट्राय मी' वगळता ती गाण्यात मुरलेली आहे. शेवटचं 'लव्ह टू लव्ह' साडेसात मिनिटांच्या पुढे जातं. सुरुवातीला कीबोर्डचा फिरता तुकडा, मग एकदम जड रिफ, आणि रिफ थांबली की मॉग जवळजवळ बोलल्यासारखा गातो. शेवटी गिटार लांब सूर धरून वर चढत जाते. हे गाणं शफलवर ऐकू नये. आधीच्या 'इलेक्ट्रिक फेज'च्या धांदलीनंतरच त्याची शांतता कळते. 'अलोन अगेन ऑर' हे लव्ह या अमेरिकन बँडचं १९६७ चं गाणं इथे का घेतलं हे कोडंच आहे. वाईट वाजवलेलं नाही, पण इथे त्याचं काम नाही.

मॉगबद्दल कमी बोललं जातं. त्याच्या आवाजाचा पट्टा मोठा नाही, तो किंचाळत नाही, आणि सत्तरच्या दशकात किंचाळणाऱ्यांचीच चलती होती. पण हरलेली, गल्लीतली, कर्जबाजारी माणसं त्याच्या गाण्यांत सारखी भेटतात. चेटकिणी आणि ड्रॅगन जवळपास नाहीत.

'ऑब्सेशन' (१९७८) नेव्हिसनचाच आहे. 'ओन्ली यू कॅन रॉक मी' आणि 'चेरी' पहिल्या दर्जाची, 'आर्बरी हिल'मध्ये शेंकरने चक्क रेकॉर्डर ही बासरी वाजवली आहे. मधली काही गाणी मात्र पाट्या टाकल्यासारखी.

आता 'स्ट्रेंजर्स'. ऑक्टोबर १९७८ च्या अमेरिका दौऱ्यात, मुख्यतः शिकागो आणि लुइव्हिलला ध्वनिमुद्रित झालेला हा दोन एलपींचा अल्बम. स्टुडिओत साडेसहा मिनिटांचं 'रॉक बॉटम' इथे अकरा मिनिटांवर जातं. मधल्या भागात बँड जवळजवळ एकाच जागी थांबून ठेका धरतो आणि शेंकर एकटा चालत राहतो. पहिल्यांदा ऐकताना लक्ष गिटारवर जातं. पुढच्या खेपेला पार्कर आणि वे यांच्याकडे कान ठेवा. ते आवाज किती हळूहळू वाढवतात, त्यावर तो सोलो तोललेला आहे. विकत घेताना एक गोष्ट बघा. १९९९ च्या सीडीत 'हॉट एन रेडी' आणि 'चेरी' ही दोन गाणी वाढवली आणि क्रमही बदलला. मूळ एलपी 'नॅचरल थिंग'ने सुरू होतो आणि 'शूट शूट'वर संपतो. तो क्रम हवा असेल तर गाण्यांची यादी पाहूनच पैसे मोजा. २०२० चा आठ सीडींचा संच १३ ते १८ ऑक्टोबरचे सहा कार्यक्रम पूर्ण देतो. चाहत्यांसाठी खजिना आहे, पण गाण्यांची यादी रोज जवळपास तीच, त्यामुळे सलग ऐकायला बसलात तर तिसऱ्या रात्रीपर्यंत कान थकतात. 'रॉक बॉटम' तेवढं सहाही रात्रींचं पाठोपाठ लावून बघा, दर वेळी सोलो वेगळ्या वाटेने जातो.

हा अल्बम बाजारात येईपर्यंत शेंकर बँड सोडून गेला होता. इथेच बहुतेक लोक यूएफओचा हिशेब बंद करतात, आणि इथेच चुकतात. त्याच्या जागी आलेला पॉल चॅपमन हा वेल्सचा गिटारवाला नवखा नव्हता. १९७४ मध्ये तो काही काळ बँडमध्ये होता, आणि १९७७ च्या दौऱ्यात शेंकर गायब झाला तेव्हाही तोच उभा राहिला. 'नो प्लेस टू रन' (१९८०) चा निर्माता बीटल्सवाला जॉर्ज मार्टिन. नाकापेक्षा मोती जड झालं. सगळं स्वच्छ, नीटनेटकं, आणि गिटारचे दात काढून घेतलेले. 'लेटिन गो' आणि 'यंग ब्लड' या दोन गाण्यांत ती सफाई बाधत नाही.

१९८१ चा 'द वाइल्ड, द विलिंग अँड द इनोसंट' बँडने स्वतःच निर्माण केला, आणि माझ्या मते स्टुडिओतला हा त्यांचा सर्वोत्तम अल्बम. 'लाइट्स आउट'पेक्षाही. वाद्यवृंदाची साथ पॉल बकमास्टरची, ज्याने एल्टन जॉनच्या सुरुवातीच्या अल्बमांचं काम केलं होतं. 'लाँग गॉन' हे रस्त्यावरचं गाणं शेवटी व्हायोलिनच्या हाती जातं आणि तरी ढिलं पडत नाही. 'प्रोफेशन ऑफ व्हायोलन्स'मध्ये चॅपमन जो सोलो वाजवतो, तो शेंकरची नक्कल नाही. सूर अधिक जाड आहे, शेवट थोडा फाटलेला, आणि मॉगच्या आवाजाला तो जास्त शोभतो. रेमंड गेला होता, त्याच्या जागी आलेल्या नील कार्टरने 'लोन्ली हार्ट'मध्ये सॅक्सोफोन वाजवलाय. उणीव एकच: मिक्सिंग थोडं धुरकट आहे. बास एखादा घर कमी केला तर गाणी मोकळी होतात.

'मेकॅनिक्स' (१९८२) ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकापर्यंत गेला, त्यांच्या कुठल्याही स्टुडिओ अल्बमपेक्षा वर. 'द रायटर' आणि 'बॅक इनटू माय लाइफ' ऐका, बाकी रेडिओकडे डोळा ठेवून केलेलं काम आहे. त्यानंतर वे गेला. 'मेकिंग कॉन्टॅक्ट' (१९८३) मध्ये बास चॅपमन आणि कार्टरने आपसात वाटून वाजवला, आणि पोकळी ऐकू येते. 'मिसडिमीनर' (१९८५) तर ड्रम्सवरच्या त्या काळच्या प्रतिध्वनीतच बुडालाय.

'वॉक ऑन वॉटर' (१९९५) मध्ये शेंकर, वे, रेमंड, पार्कर सगळे परत आले आणि नेव्हिसनही. 'अ सेल्फ मेड मॅन' आणि 'व्हीनस' चांगली आहेत. सावध राहायचं ते यातल्या 'डॉक्टर डॉक्टर' आणि 'लाइट्स आउट'च्या नव्याने वाजवलेल्या आवृत्त्यांपासून. स्ट्रीमिंगवर नुसतं गाण्याचं नाव शोधलं की कधी त्या लागतात, कधी 'स्ट्रेंजर्स'मधल्या. मूळ हवं असेल तर अल्बमचं नाव टाकून शोधा. जुन्या अल्बमांच्या वाढीव आवृत्त्यांतही बोनस गाणी शेवटी चिकटलेली असतात. 'लव्ह टू लव्ह' संपून लगेच दुसरं काही सुरू झालं की सगळा परिणाम जातो, म्हणून तिथे हाताने थांबवा.

२००४ च्या 'यू आर हिअर'पासून गिटारवर व्हिनी मूर होता. तंत्र अफाट, पण शेंकर-चॅपमनची गाता येईल अशी सुरांची ओळ त्याच्याकडे क्वचितच मिळते. त्या काळातला एकच घ्यायचा तर 'द व्हिजिटर' (२००९). मॉगचा आवाज तोवर खाली उतरून खरबरीत झाला होता, आणि 'सेव्हिंग मी'सारख्या ब्लूजकडे झुकणाऱ्या गाण्यात तो तरुणपणापेक्षा जास्त खरा वाटतो.