उपनगरात परवडणारी घरं: चार वाटा, आणि आधी कोणती धरावी

हा आढावा आपल्या गावच्या सभेत परवडणाऱ्या घरांच्या ठरावावर मत द्यायचं असलेल्यांसाठी आहे. नगरसेवक असोत, गृहनिर्माण समितीचे सदस्य असोत किंवा हरकती-सूचना लिहायला बसलेले रहिवासी असोत, समोरचं चित्र बहुतेक उपनगरांत सारखंच दिसतं. शाळेतल्या शिक्षिका, दवाखान्यातल्या परिचारिका, बसचालक, सफाई कामगार रोज गावात येतात आणि रात्री मुक्कामाला लांब निघून जातात, कारण इथलं भाडं त्यांच्या पगारात बसत नाही.

उपनगराच्या हातात साधारण चार वाटा असतात: नव्या प्रकल्पांत बिल्डरवर अट घालणं, जमीन कायमची ट्रस्टकडे ठेवणं, स्वतः बांधणं आणि असलेल्या घरांच्या आवारात जोडघरांना परवानगी देणं. यांची तुलना करताना मी एक निकष बाकी सगळ्यांच्या वर ठेवते: घर परवडणारं राहणार किती वर्षं? किती घरं बांधली हे फीत कापताना समजतं. त्यातली किती उरली हे समजायला वीस वर्षं जातात, आणि तोवर विचारायला कोणी बसलेलं नसतं.

बिल्डरवर अट

सर्वांत रुळलेली वाट हीच. मोठा प्रकल्प करायचा असेल तर ठरावीक टक्के घरं कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना, ठरवलेल्या किमतीत द्या. त्या बदल्यात थोडं जास्त बांधकाम करायची मुभा मिळते. अमेरिकेत वॉशिंग्टनला लागून असलेल्या मेरीलँडमधल्या माँटगोमेरी काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) 1974 पासून हे राबवलं आहे. आज तिथे 20 किंवा जास्त घरांच्या प्रकल्पात किमान 12.5 टक्के घरं अशी द्यावी लागतात.

या वाटेचे दोन मोठे गुण आहेत. गावाच्या तिजोरीतून फारसं काही जात नाही. आणि परवडणारी घरं गावाबाहेरच्या कोपऱ्यात न पडता त्याच इमारतीत, त्याच शाळेच्या हद्दीत येतात. दुसरा गुण मला पैशापेक्षा मोलाचा वाटतो.

पण माँटगोमेरीचा इतिहास नीट वाचला तर धोका कुठे आहे तेही दिसतं. सुरुवातीला विक्रीच्या घरांवर किमतीचं बंधन फक्त पाच वर्षांचं होतं, पुढे दहा वर्षांचं झालं. मुदत संपली की घर बाजारभावाने विकायला मोकळं. अशी हजारो घरं योजनेतून निघून गेली. 2005 पासून ही मुदत विक्रीच्या घरांसाठी 30 वर्षं आणि भाड्याच्या घरांसाठी 99 वर्षं झाली. म्हणजे जगभर ज्याचा दाखला दिला जातो त्या काउंटीलाही हे सुधारायला तीस वर्षं लागली. तुमच्या ठरावाच्या मसुद्यात मुदत दहा-पंधरा वर्षांची असेल तर टक्केवारीवर वाद घालण्यात वेळ घालवू नका, आधी मुदतीवर बोला.

दुसरी पळवाट म्हणजे घरांऐवजी पैसे भरण्याची सोय. कागदावर ती वाजवी दिसते: बिल्डर निधी देईल, गाव त्यातून दुसरीकडे घरं बांधेल. पण ‘दुसरीकडे’ म्हणजे जिथे जमीन स्वस्त आहे तिथे. अमेरिकेतल्याच न्यू जर्सीत तर उपनगरांना कायद्याने वाट्याला आलेल्या परवडणाऱ्या घरांपैकी निम्म्यापर्यंत घरं पैसे देऊन दुसऱ्या शहरांकडे सोपवता येत होती. श्रीमंत गावांनी ती सोय भरपूर वापरली आणि अखेर 2008 मध्ये राज्याला ती बंद करावी लागली. पैसे भरण्याची सोय ठेवायचीच असेल तर रक्कम इतकी असावी की त्यात त्याच गावात, तेवढंच घर खरोखर उभं राहील.

या वाटेची एक मर्यादा मान्य केली पाहिजे. बांधकाम थंडावलं की ही वाटही थंडावते. जिथे नवे प्रकल्पच येत नाहीत तिथे वीस टक्क्यांची अट म्हणजे शून्याचे वीस टक्के.

जमीन ट्रस्टकडे

कम्युनिटी लँड ट्रस्ट म्हणजे लोकांसाठी जमीन सांभाळणारी ना-नफा संस्था. तिच्याकडून कुटुंब घर विकत घेतं, पण खालची जमीन ट्रस्टचीच राहते आणि कुटुंबाला बहुधा 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळते. ही कल्पना 1969 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी नागरी हक्क चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी उभी केली. नगरपालिकेच्या पाठबळावर ती मोठी झाली बर्लिंग्टन, व्हरमाँट इथे, 1984 मध्ये, बर्नी सँडर्स तिथले महापौर असताना. आज ती संस्था चॅम्प्लेन हाउसिंग ट्रस्ट या नावाने ओळखली जाते.

यातलं पुनर्विक्रीचं सूत्र समजून घेण्यासारखं आहे, म्हणून आकडे मांडते. समजा घराची बाजारातली किंमत 100 आहे आणि जमिनीचा भार ट्रस्टने उचलल्यामुळे कुटुंबाला ते 70 ला मिळालं. दहा वर्षांनी बाजारभाव 150 झाला. वाढ झाली 50 ची. चॅम्प्लेनसारखं सूत्र असेल तर वाढीतला चौथा हिस्सा, म्हणजे 12.5, विकणाऱ्या कुटुंबाला मिळतो. त्यांनी घर 82.5 ला विकलं. पुढच्या कुटुंबाला 150 चं घर 82.5 ला मिळालं, तेही गावाने नव्याने काहीही न घालता. पहिल्या कुटुंबाला 30 टक्के सवलत होती, दुसऱ्याला 45 टक्के. अल्पमुदतीच्या योजनेत मुदत संपल्यावर हेच घर 150 ला गेलं असतं आणि गावाची गुंतवणूक एका कुटुंबाच्या नफ्यात विरून गेली असती.

पहिल्या कुटुंबावर हा अन्याय नाही का, असं कोणीतरी सभेत विचारणारच. प्रश्न रास्त आहे. घरातून मोठी संपत्ती उभी करायची असेल तर ही योजना ते करू देत नाही. पण भाड्याच्या घरात राहून त्या दहा वर्षांत हाती शून्य आलं असतं. इथे कर्जफेडीतून साठलेली रक्कम मिळते, वाढीतला वाटा मिळतो आणि घरमालक अचानक बाहेर काढेल ही भीती राहत नाही. शिवाय ट्रस्ट पाठीशी असल्यामुळे हप्ते थकले तर वेळीच मदत मिळते. 2008 च्या आसपासच्या कर्जसंकटात अमेरिकेत ट्रस्टच्या घरांवर जप्ती येण्याचं प्रमाण खुल्या बाजारातल्या घरांपेक्षा खूपच कमी राहिलं.

अडचण वेग आणि आकाराची. जमीन दान मिळावी लागते किंवा गावाने द्यावी लागते, आणि ट्रस्ट चालवायला वर्षानुवर्षं टिकणारी माणसं लागतात.

गावाने स्वतः बांधणं

व्हिएन्नाचं नाव इथे हटकून निघतं. तिथे जवळपास निम्मी लोकसंख्या नगरपालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहते, पण त्यामागे 1920 च्या दशकापासूनची धोरणं आहेत. एखाद्या उपनगराला ते उद्या जमणार नाही.

जमण्यासारखं उदाहरण पुन्हा माँटगोमेरीचंच आहे. 2021 मध्ये काउंटीने तिथल्या गृहनिर्माण संस्थेला फिरता निधी उभा करून दिला. या निधीतून बांधकामाच्या काळात स्वस्त कर्ज मिळतं. इमारत भरली की दीर्घ मुदतीचं कर्ज काढून निधी परत येतो आणि पुढच्या इमारतीला लागतो. त्यातून उभी राहिलेली 268 घरांची पहिली इमारत 2023 मध्ये खुली झाली. तिच्यातली बरीच घरं बाजारभावाने भाड्याने जातात, सुमारे तीस टक्के कमी भाड्याची आहेत आणि मालकीचा मोठा वाटा सार्वजनिक संस्थेकडे आहे. मालक सार्वजनिक असल्यावर मुदत संपण्याचा प्रश्न फारसा उरत नाही. मात्र कर्ज उभारण्याची पत आणि जाणते कर्मचारी हवेत. छोट्या गावाने यात एकट्याने उतरू नये, शेजारच्या गावांना सोबत घ्यावं.

आवारातली जोडघरं

गॅरेजवरची खोली, परसातलं छोटं घर. कॅलिफोर्नियाने 2020 पासून अशा अर्जांवर 60 दिवसांत निर्णय देण्याचं बंधन घातलं आणि 750 चौरस फुटांखालच्या घरांवरचं विकासशुल्क माफ केलं. परवाने भराभर वाढले. गावाला खर्च जवळजवळ नाही, म्हणून ही परवानगी जरूर द्यावी. पण भाडं किती आणि कोणाला, यावर गावाचा काहीच ताबा नसतो. हिला गृहनिर्माण धोरण म्हणून पुढे करून बाकी वाटा टाळणाऱ्यांना सभेतच थांबवा.

विरोधाबद्दल

घरांच्या किमती पडतील, गुन्हे वाढतील, कर वाढेल. न्यू जर्सीतल्या माउंट लॉरेल गावाने हे सगळं ऐकलं आहे. तिथल्या रहिवासी एथेल लॉरेन्स यांनी पुढाकार घेतलेल्या लढ्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये सांगितलं की गावांना नियोजनाचे नियम वापरून गरिबांना बाहेर ठेवता येणार नाही. प्रत्यक्ष घरं उभी राहिली 2000 साली, तोवर त्या हयात नव्हत्या. पुढे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि सहकाऱ्यांनी माउंट लॉरेलची तुलना आसपासच्या तशाच गावांशी केली. किमती, गुन्हे, कर या तिन्हींवर वाईट परिणाम आढळला नाही. सभेत हा अभ्यास हाताशी ठेवा.

वरच्या सरकारचा कायदा पाठीशी असेल तर काम सोपं होतं. मॅसॅच्युसेट्समध्ये 1969 पासून, गावात परवडणारी घरं 10 टक्क्यांच्या खाली असतील तर तशी घरं देणाऱ्या बिल्डरला एकाच अर्जावर परवाना मागता येतो आणि गावाने अडवलं तर राज्याकडे दाद मागता येते. 2010 मध्ये हा कायदा रद्द करण्याचा प्रस्ताव मतदारांनीच फेटाळला. फ्रान्समध्ये 2000 च्या कायद्याने गावांना आधी 20 आणि नंतर बऱ्याच ठिकाणी 25 टक्के सामाजिक घरांचं (सरकारी मदतीच्या, कमी भाड्याच्या घरांचं) लक्ष्य दिलं, न पाळल्यास दंड. तरी पॅरिसजवळचं नोयीसारखं श्रीमंत उपनगर वर्षानुवर्षं दंड भरत राहिलं. दंड परवडणाऱ्याला दंड पुरत नाही.

मग काय निवडावं

गावाच्या मालकीची जमीन असेल, एखादी जुनी शाळा, वाहनतळ, पडीक भूखंड, तर ती विकू नका, भाडेपट्ट्यावर ट्रस्टला द्या. माझं पहिलं मत याला. एकदा विकलेली जमीन गावाला त्या भावात परत मिळत नाही.

जमीन नाही पण बिल्डर रांगेत उभे आहेत, अशा गावाने अट घालावी. मुदत किमान 99 वर्षांची किंवा कायमची असावी आणि पुनर्विक्रीच्या वेळी पहिला खरेदीहक्क गावाकडे असावा. उत्पन्नाची मर्यादाही तपासा. ती साऱ्या महानगराच्या मध्यम उत्पन्नावर बेतलेली असते आणि त्यात श्रीमंत वस्त्याही मोजल्या जातात, त्यामुळे त्या उत्पन्नाच्या 80 टक्के कमावणाऱ्यांसाठी बेतलेलं घरसुद्धा सफाई कामगाराच्या आवाक्याबाहेर राहू शकतं. गावात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचे पगार मागवा, त्यांच्या 30 टक्क्यांत भाडं बसतं का ते पाहा, आणि मगच उत्पन्नाची ही टक्केवारी ठरवा.

जमीनही नाही आणि बिल्डरही येत नाहीत, तिथे जोडघरांची परवानगी लगेच द्या आणि विक्रीला येणाऱ्या जुन्या भाड्याच्या इमारती शेजारच्या गावांसोबत निधी उभारून विकत घ्यायला लागा. त्या इमारतींत आज कमी भाड्याने राहणारी कुटुंबं आहेत, आणि नवा मालक आला की पहिली नोटीस त्यांनाच जाते.