पन्हाळ्याच्या चढाला 95 की 100? एमजीबीत दोन्ही पेट्रोल घालून बघितल्यावर

निकाल आधी सांगतो. जुन्या गाडीचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं हवा-पेट्रोलचं मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, आठाच्या खाली असेल तर एक्सपी100 वर, म्हणजे इंडियन ऑइलच्या 100 ऑक्टेनच्या महागड्या पेट्रोलवर, जादा रुपया घालू नका. नऊच्या वर असेल तर तेच पेट्रोल पैसे वसूल करून देतं. मधल्या इंजिनांचं त्याच कंपनीच्या 95 ऑक्टेनच्या एक्सपी95 वर छान भागतं, फक्त टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, कानानं लावून घ्यायची तयारी पाहिजे.

माझी गाडी 1966 ची एमजीबी, जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार. 1798 सीसी, दोन एसयू कार्बोरेटर. इंजिन नंबरात 18जीबी-यू-एच असं येतं. त्यातला एच म्हणजे हाय कॉम्प्रेशन, कारखान्यातून 8.8. तिथं एल असता तर 8.0. पण नंबरपट्टी वाचून थांबू नका. एवढ्या वर्षांत हेड (इंजिनचं वरचं झाकण) कुणी कितीदा फेस करून, म्हणजे घासून सपाट करून, घेतलंय, हे त्या पट्टीवर लिहिलेलं नसतं.

हेड उतरवलं होतं तेव्हा मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, बसून मोजूनच घेतलं. हेड उलटं ठेवायचं, प्लग लावलेले, व्हॉल्व्ह बसवलेले. चेंबरच्या कडेला ग्रीसचं बोट फिरवून वर भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी दाबायची आणि ब्युरेटमधून (मापाच्या खुणा असलेल्या काचेच्या नळीतून) रॉकेल सोडत राहायचं. पट्टीखालचा शेवटचा बुडबुडा भोकातून निघून गेला की आकडा वाचायचा. त्यात गॅस्केटची जाडी आणि पिस्टनचा खड्डा धरला तेव्हा माझ्याकडे 54 सीसी भरले. एका सिलिंडरचे 449.5 भागिले 54, अधिक एक, म्हणजे 9.3. कारखान्याच्या 8.8 ला ही जागा साडेसत्तावन्न सीसीच्या पुढे असते. साडेतीन सीसी घटले आणि कॉम्प्रेशन अर्ध्या आकड्यानं चढलं. कुठलं पेट्रोल घ्यायचं हे त्या ब्युरेटनं ठरवलं, पंपावरच्या बोर्डानं नाही.

ऑक्टेन म्हणजे ताकद, असा समज आपल्याकडे घट्ट बसलाय. तो आकडा फक्त एवढंच सांगतो की दाब आणि उष्णता वाढली तरी हे पेट्रोल ठिणगीच्या ज्योतीआधी आपोआप पेटायला किती विरोध करतं. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्या पंपावरचा आकडा रॉन (रिसर्च ऑक्टेन नंबर) पद्धतीचा. अमेरिकन मंडळी ‘91 घाला’ म्हणतात ते त्यांच्या वेगळ्या मोजणीनं, आपल्याकडचं ते साधारण 95-96 होतं. इंग्लिश गाड्यांच्या जुन्या पुस्तकात पेट्रोलची प्रत स्टारमध्ये दिलेली असते. फोर स्टार म्हणजे 97 च्या आसपास, फाइव्ह स्टार म्हणजे 100.

आता वाघबीळ, म्हणजे रत्नागिरी रस्त्यावरून पन्हाळ्याला वळतो ती जागा. तिथून पन्हाळ्याकडे वर लागलं की इंजिनचं सगळं खरं-खोटं बाहेर येतं. 95 वर, पुस्तकातल्या टायमिंगला, तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजारांच्या आसपास पाय दाबला की डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायचा. तोच नॉक, पेट्रोल ज्योतीआधी आपोआप पेटल्याचा आवाज. मिस्त्री शेजारी बसले होते, म्हणाले, “दादा, टायमिंग जरा मागं घ्या की.” लुकास कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरवर (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डब्यावर) त्यासाठी खाचा असलेला छोटा नट असतो, अकरा टिक म्हणजे एक अंश. आर, म्हणजे रिटार्ड (मागं), च्या बाजूला बावीस टिक फिरवले, आवाज गेला. पण ओढही थोडी गेली आणि बुधवार पेठेपर्यंत पाण्याचा काटा नेहमीपेक्षा वर सरकला. ज्योत उशिरा पेटते, तेवढी उष्णता एक्झॉस्टकडे जास्त जाते, त्याचा हा परिणाम.

100 वर टायमिंग पुन्हा पुस्तकात आणलं. तोच चढ, तोच गिअर, भर दुपार. एकदाही खडखड नाही. सपाटीला, सांगली फाट्याकडे जाताना, दोन्हींत मला फरक जाणवला नाही. तो जाणवतो असं सांगणाऱ्यांना माझं म्हणणं आहे की त्यांनी मिश्रण तपासावं. 95 मध्ये इथेनॉल आहे, 100 मध्ये नाही. इथेनॉलच्या पोटातच ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या कार्बोरेटरचं मिश्रण पातळ होतं, हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. त्यासाठी मी कार्बोरेटरच्या जेटचा नट दोन फ्लॅट (नटाच्या सहा बाजूंपैकी दोन) खाली घेतो, 100 भरलं की परत वर. हे न करता तुलना केली तर कार्बोरेटरचं श्रेय ऑक्टेनला जातं.

थोरल्या भावाच्या पद्मिनीतही 100 घालून बघितलं. कॉम्प्रेशन आठाच्या आतलं. काहीही बदललं नाही, बिल सोडून. तिला साधं पेट्रोलच पुरतं. ॲम्बेसिडरवाल्यांनाही तेच सांगेन.

ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्यांबद्दल सारखं विचारतात. बाटलीवर ‘30 पॉइंट’ लिहिलेलं असतं, तो एक पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा दहावा भाग. म्हणजे फार तर 95 चं 98. काहींत मँगनीजचं संयुग असतं आणि प्लगच्या नाकावर नारिंगी थर बसतो. मी वापरत नाही.

शिशाचा विषय वेगळा आहे, तो यात कालवू नका. देशात शिसंमिश्रित पेट्रोल 2000 साली बंद झालं. जुन्या मऊ व्हॉल्व्ह सीटना (व्हॉल्व्ह ज्या कड्यावर टेकतो त्यांना) शिशाचा आधार होता, आणि 100 ऑक्टेननं तो परत मिळत नाही. त्याला उपाय एकच, कडक सीट बसवून घेणं. उद्यमनगरात ते काम उत्तम होतं, माझ्या हेडचं तिथंच झालं.

तक्रार एकच, आणि ती मनापासून. हायवेवरच्या एका पंपावर पोरानं न विचारता साधं पेट्रोल सोडायला सुरुवात केली. वर म्हणाला, “सगळं सारखंच असतंय.” सारखं नसतं. नोझल टाकीत जायच्या आधी मशीनवरचं नाव स्वतः वाचा. 100 चा खप कमी असतो, म्हणून टँकर कधी आला हेही विचारा.

लिटरला 160 च्या आसपास धरलं तर 40 लिटरला साध्यापेक्षा दोन हजारांच्या वर जादा जातात. रोजच्या फिरण्याला हा खर्च मी करत नाही, गावात 95 आणि दोन अंश मागं. पुण्याला जायचं असेल तर टाकी जवळजवळ रिकामी करून जातो, येताना तिथून 100 भरतो आणि उरलेलं घाटासाठी ठेवतो. पावसाळ्याआधीची पुण्याची ही शेवटची फेरी मात्र मी चुकवत नाही. आपल्या पावसात गाडी महिनोन् महिने उभी राहते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, ते पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि पत्रा आतून गंजतो. नुसत्या त्या एका कामासाठीसुद्धा मी 100 चे पैसे देईन. तुमच्या पेट्रोलच्या नळ्या जुन्या काळ्या रबराच्या असतील तर 95 चालू ठेवायच्या आधी त्या बदलून व्हिटॉनच्या (इथेनॉल सोसणाऱ्या खास रबराच्या) घाला.