बोराबाजारातून पहिला कॅमेरा: काय घ्यावं, काय काउंटरवरच सोडावं

फोर्टातला बोराबाजार सीएसएमटीहून पायी पाच-सात मिनिटांवर. बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा), लेन्स, ट्रायपॉड, लाइट, बॅगा, सगळं हाकेच्या अंतरावर. नव्या कॅमेऱ्याचा भाव ऑनलाइनपेक्षा फार खाली येईल ही आशा सोडा. इथे जायचं ते चार बॉडी हातात धरून बघायला आणि जुन्या लेन्ससाठी. रविवारी बहुतेक शटरं खाली असतात आणि शनिवारी गर्दीत कुणी नीट दाखवत नाही. मधल्या वारी, दुकान उघडल्या उघडल्या गाठलेलं बरं.

भाव ठरत आला की प्रश्न येतो: ‘बिल हवंय का?’ नव्या मालाला पक्कं बिलच घ्या, त्यावर बॉडी आणि लेन्स दोन्हींचे सिरियल नंबर लिहून घ्या. बिगर बिलाच्या पीसला भारतातली कंपनी वॉरंटी मिळत नाही. ओळखायचं कसं? खोक्यावर एमआरपी आणि आयातदाराचं नाव-पत्ता छापलेला नसेल किंवा चार्जरची पिन भलतीच असेल, तर तो ग्रे माल, म्हणजे कंपनीच्या अधिकृत वाटेने न आलेला.

मग ‘फ्री’चं गाठोडं येतं: बॅग, कार्ड, फिल्टर, ट्रायपॉड. बॅग घ्या. स्वस्त यूव्ही फिल्टर (लेन्सच्या तोंडावर चढवायची काच) मात्र काउंटरवरच सोडा. मरीन ड्राइव्हचे रात्रीचे दिवे टिपलेत की फोटोत हिरवट ठिपके उमटतात ते त्याचेच. कार्डावर व्ही३० छापलेलं हवं, म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याची हमी. फुकटातला ट्रायपॉड समुद्रावरच्या वाऱ्यात थरथरतो. त्याऐवजी त्याचे पैसे भावातून कमी करून मागा, बरेचदा होतात.

बॉडीबद्दल थोडक्यात. निकॉन झेड३० आणि सोनी झेडव्ही-ई१० यांना व्ह्यूफाइंडरच (डोळा लावून बघायची खिडकी) नाही. जुहूच्या भर उन्हात स्क्रीनवर काही दिसत नाही, त्यामुळे फोटोसाठी दोन्ही गैरसोयीचे. कॅनन आर१०० ला व्ह्यूफाइंडर आहे, पण स्क्रीनला टच नाही. आर५० मध्ये दोन्ही आहेत. बजेट आखडतं असेल तर जुना डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) आणि एक ५० मिमी १.८ (झूम नसलेली, भरपूर प्रकाश घेणारी लेन्स) हा आमच्या मते सर्वांत शहाणा सौदा.

फक्त जोडी जुळवून घ्या. निकॉनची ५० मिमी १.८डी लेन्स स्वस्तात मिळते, पण तिला बॉडीतली फोकसची मोटर लागते आणि निकॉनच्या डी३५०० किंवा डी५६०० मध्ये ती नाही, त्यामुळे फोकस हातानेच फिरवावा लागतो. त्या बॉडींना १.८जी घ्या, तिच्यात स्वतःची मोटर असते. डी७२०० वर दोन्ही चालतात, शिवाय त्याचं शटर १,५०,००० क्लिकपर्यंत (एक फोटो म्हणजे एक क्लिक) तपासलेलं आहे. निकॉनच्या मूळ जेपेगमध्ये (फोटोच्या फाइलमध्ये) क्लिकचा आकडा नोंदलेला असतो, म्हणून स्वतःचं कार्ड न्या आणि एक फोटो काढून मोबाइलवर तपासा. कॅननच्या बहुतेक मॉडेलांत तो असा सापडत नाही. तिथे माउंटची (लेन्स बसते त्या कड्याची) झीज आणि रबराची पकड बघून अंदाज बांधायचा. किट लेन्सच्या (बॉडीसोबत येणाऱ्या लेन्सच्या) रिंगवर ‘आयएस’ किंवा ‘व्हीआर’ ही अक्षरं आहेत ना, हेही वाचा. नसतील तर ती हात हलणं सावरणार नाही.

जुनी लेन्स तपासायला पंधरा मिनिटं लागतात आणि दुकानदाराने घाई केली तरी ती द्यायचीच. दोन्ही झाकणं काढा, मागून मोबाइलचा टॉर्च तिरका मारा आणि समोरून बघत लेन्स हळूहळू फिरवा. सुटे ठिपके म्हणजे धूळ, त्याने फोटो बिघडत नाही. जळमटासारखे फाटे फुटलेले धागे दिसले तर बुरशी. ‘साफ करून देतो’ म्हणतील, पण बुरशीने काचेवरचं कोटिंग खाल्लेलं असेल तर डाग कायमचा. निकॉनच्या डी आणि जी लेन्सला मागे ॲपर्चरची (प्रकाश आत येतो त्या, पाकळ्यांच्या भोकाची) छोटी दांडी असते. ती ढकलून सोडली की पाकळ्या झटकन मिटायला हव्यात. रेंगाळल्या तर तेल उतरलंय. कॅननची लेन्स सुटी असताना उघडीच राहते, तिच्या पाकळ्या बॉडीवर लावूनच बघा.

मग समोरच्या दुकानाची पाटी अगदी सरळ उभं राहून एफ/४ ला (हा ॲपर्चरचा आकडा, जितका मोठा तितकं भोक लहान) टिपा आणि चारही कोपरे मोठे करून पाहा. चारही थोडे मऊ असतील तर चालेल. एकच कोपरा धूसर येत असेल तर लेन्स पडलेली किंवा उघडलेली असणार, परत द्या. जुन्या बॉडीसाठी एफ/२२ ला पांढऱ्या भिंतीचा, मुद्दाम फोकस घालवून, एक फोटो: काळे ठिपके म्हणजे सेन्सरवर धूळ. ती ब्लोअरने बहुधा निघते, तोंडाने मात्र फुंकू नका.

‘चेकिंग’ची (वापरून बघून परत करायची) मुदत किती दिवस, ते बिलावरच लिहून घ्या. तोंडी आठवडा पुढच्या आठवड्यात कुणाला आठवत नाही.

येताना एक छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायला) आणि ओलावा शोषणारं सिलिका जेल घ्या. घरी हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवा. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येतं. जुन्या लेन्ससोबत आलेलं चामड्याचं कव्हर जून ते सप्टेंबर डब्याबाहेरच ठेवा, बुरशी आधी त्यालाच धरते.