रिटर्न रद्द करावं की सुधारावं?

वरूडच्या नेट कॅफेत माझ्या आतेभावाचं आयकर रिटर्न भरलं. पोरगा वर्षभर दुबईत, अन् फॉर्ममधे खूण ‘रहिवासी’वर! भारतातला मुक्काम 182 दिवसांचाही नाही, म्हणजे तो अनिवासी. आयटीआर-1 हा फॉर्म त्याला चालतच नाही, आयटीआर-2 लागतो.

व्हेरिफिकेशन, म्हणजे भरलेल्या रिटर्नची ओटीपी वगैरेनं पडताळणी, झालेलं नसेल तर पोर्टलवर ‘डिस्कार्ड’ करून कोऱ्या पाटीवर नव्यानं भरता येतं. पण एकदा रद्द केलं की परत येत नाही, आणि नवं रिटर्न मुदतीनंतर गेलं तर उशिराचं शुल्क बसतं: 5000 रुपये, उत्पन्न 5 लाखांच्या आत असेल तर 1000.

आमचं रिटर्न मात्र व्हेरिफाय झालं होतं. आधारचा मोबाईल आत्याकडं, आत्या संत्र्याच्या बगीच्यात. तिनं ओरडून सांगितलेला ओटीपी कॅफेवाल्यानं लगेच टाकला. मग सुधारित रिटर्नच उरलं. त्यात मूळ पावतीचा क्रमांक आणि तारीख लागते, फॉर्मही बदलता येतो, परतावा जमा झालेला असला तरी अडत नाही. नंतर पुन्हा व्हेरिफिकेशन, 30 दिवसांच्या आत.

मुदत टळून गेली असेल तर मी रद्द करण्याच्या फंदात पडणार नाही, भाऊ. आधी व्हेरिफाय, मग सुधारणा. मूळ तारीख तरी हातात राहते.